सुस्तावलेल्या पेशी

१

धाकटीला प्रयोगशाळेतून काढलं आणि त्याच आठवड्यात रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडून ती गेली. या दोन गोष्टी लोकांनी आपापल्या मनात जोडून टाकल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण भेटायला येणाऱ्यांच्या आवाजावरून तिच्या आईला ते कळत होतं. अपघातात पोरगी गेली की लोक हळहळतात, बसून राहतात. इथे ते खालच्या आवाजात बोलत होते आणि लवकर उठत होते.

आई जुनी परिचारिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. दोन मुलींपैकी थोरली लग्न होऊन लांब गेलेली, आणि ही धाकटी घरात. बाहेरही तिला धाकटीच म्हणत, कारण प्रयोगशाळेत ती वयाने सगळ्यांत लहान होती.

भेटायला आलेल्यांत बाई होत्या. त्या रक्ताच्या डॉक्टर. अर्धं आयुष्य त्यांनी विद्यार्थ्यांना रक्त शिकवण्यात घालवलं होतं. रुग्णालयात काही बिघडलं, हरवलं, एखाद्या तपासणीचा मेळ लागेना, की लोक अजूनही त्यांच्याकडे येत. त्या दिवशी दाराशी धाकटीची मैत्रीण बसली होती. दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या. मैत्रिणीचे हुंदके थांबत नव्हते. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता आणि ओढणीने डोळे पुसत होती. बाईंनी आपला पांढरा रुमाल तिला दिला. नंतर घरी येऊन धुवायला काढला तेव्हा त्यावर फिकट नारिंगी डाग दिसले. पोरीने तोंडाला काही लावलं असेल, असं म्हणून बाईंनी तो भिजत घातला.

काही आठवड्यांनी सिस्टर त्यांच्याकडे आल्या. चहा समोर ठेवला तरी हात लावेनात.

"बाई, तिने आकडे खोटे लिहिले असतील तर तेही मी पचवेन," त्या म्हणाल्या. "पण तो ट्रकवाला सांगतो, ती चालता चालता रस्त्याच्या मधोमध थांबली. का थांबली, एवढं मला कळायला हवं."

मुद्दाम थांबली का, हाच त्यांचा खरा प्रश्न होता. 

२

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. केस पिकलेले, हाताखाली डझनभर माणसं, पण कधीकाळी ते बाईंचे विद्यार्थी होते. त्यामुळे बाई त्यांना अजून अरे-तुरे करत आणि त्या आल्या की सर खुर्चीच्या कडेवर बसत.

सरांनी सगळं सांगितलं. धाकटीचं काम पांढऱ्या पेशींवर होतं. रक्तातल्या या पेशी जंतूंचा माग काढत सरपटत जातात आणि त्यांना गिळतात. आपण जी प्रतिजैविकं घेतो ती जंतूंना मारतात, हे खरं. पण त्यांच्यामुळे या गिळणाऱ्या पेशीही मंदावतात का, हा तिचा प्रश्न होता. धडधाकट माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि दोन बश्यांत ठेवायच्या. एका बशीत औषध घालायचं, दुसरी नुसती. मग दोन्हींत यीस्टचे बारीक कण सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं, कुठल्या पेशी किती कण गिळतात ते.

सुरुवातीचे महिने काम छान चाललं. नुसत्या बशीतल्या पेशी अधाशासारख्या खायच्या, औषधाच्या बशीतल्या थोड्या हळू. मग मध्येच काही वेळा नुसत्या बशीतल्या पेशीही सुस्तावलेल्या निघू लागल्या. काही वेळा, प्रत्येक वेळी नाही. सरांना शंका आली. त्यांनी दुसऱ्या संशोधकाला तोच प्रयोग करायला लावला. हा संशोधक म्हणजे कप्तान. फ्रिजमधल्या बाटल्यासुद्धा रांगेत उभ्या करायचा, म्हणून हे नाव पडलेलं. कप्तानाने स्वतःचं रक्त वापरलं आणि त्याच्या पेशी उत्तम धावल्या.

सरांच्या मते मग दोनच शक्यता उरत होत्या. एक तर तिने निष्काळजीपणाने दोन्ही बश्यांत औषध घातलं, नाहीतर बसल्याजागी आकडे रचले. सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं.

"ती काहीच बोलली नाही, बाई. मी तीनदा विचारलं. खाली बघत उभी राहिली. खरं असतं तर बोलली असती ना?"

 बाईंनी वेगळंच विचारलं. ज्या दिवशी नुसत्या बशीतल्या पेशी सुस्त निघाल्या, त्या दिवशी औषधाच्या बशीतल्या पेशींचं काय झालं?

सरांनी आठवून सांगितलं की त्याही नेहमीपेक्षा मंद होत्या. कारण ती सगळीकडेच घोळ घालत होती.

"म्हणजे दोन्ही बश्या सारख्याच खाली आल्या."

"हो."

"अरे, मग विचार कर. चुकून नुसत्या बशीत औषध पडलं असतं तर ती एकटी बशी खाली आली असती. औषधाची बशी होती तिथेच राहिली असती. आणि आकडे रचणारा माणूस प्रयोग सजवतो, स्वतःच्या हाताने बिघडवत नाही." बाई उठल्या. "तिने चूकही केली नाही आणि लबाडीही. त्या पेशी तिच्या हातात आल्या तेव्हाच सुस्तावलेल्या होत्या."

सरांचा चेहरा पडला. पण बाईंच्या मनात दुसरंच घोळत होतं. एवढी साधी गोष्ट धाकटीला कळली नसेल, हे शक्य नव्हतं. मग ती गप्प का राहिली?

३

रक्त काढायचं काम प्रयोगशाळेतल्या मावशींकडे होतं. औषधांची द्रावणंही त्याच बनवायच्या. हात एवढा हलका की सुई गेल्याचं कळायचं नाही.

मावशी बाईंना बघून रडायलाच लागल्या. सगळे आपल्याकडेच बोट दाखवणार, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की नळ्या स्वच्छ असतात, द्रावण ताजं असतं. बाईंनी त्यांना पाणी प्यायला लावलं आणि रक्त कुणाचं घ्यायचे एवढंच विचारलं.

प्रयोगशाळेतल्याच माणसांचं, मावशी म्हणाल्या. आधी तिघं देत होती, त्या स्वतः, कप्तान आणि मैत्रीण. अट एकच, कुठलंही औषध चालू नको. मावशींना साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, तशा त्या आपणहून बाजूला झाल्या. मग दोघंच उरली. पण पेशी बघणाऱ्याला रक्त कुणाचं आहे ते कळू द्यायचं नसतं, म्हणून मावशी नळीवर नुसती रंगीत चिठ्ठी लावायच्या आणि रंगही दर वेळी बदलायच्या.

"धाकटीने कधी विचारलं, रक्त कुणाचं म्हणून?"

एकदा विचारलं होतं. पेशी पहिल्यांदा बिघडल्या तेव्हा. मावशींनी नियम म्हणून सांगितलं नव्हतं. धाकटीने थोडा हट्टही केला होता.

"पण नंतर परत कधी नाही विचारलं," मावशी म्हणाल्या. "उलट एक दिवस मीच सांगायला गेले, तर म्हणाली, नको मावशी, राहू दे."

विचारत होती तोवर तिला माहीत नव्हतं. विचारायचं थांबली, कारण तिला कळलं होतं.

४

दोघांपैकी कप्तानावर संशय घेणं सोपं होतं. फ्रिजच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. धाकटी गेल्यावर तिचं काम आपसूक त्याच्याकडे आलं होतं. रक्ताच्या नळीतच कुणी काही मिसळलं असतं तर पेशी सुस्तावूनच निघाल्या असत्या, आणि मग तपासणीच्या वेळी स्वतःचं चांगलं रक्त वापरून तिला खोटं पाडणंही जमलं असतं.

बाईंनी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तो रागावला नाही. धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला.

त्याने कबूल केलं की तिचं काम आपल्याला मिळावं असं त्याला वाटत होतं. तपासणीत तिचं चुकलेलं निघालं तेव्हा त्या संध्याकाळी तो खूशही होता. पण नळीला त्याने हात लावला नव्हता. लावायचाच असता तर प्रत्येक वेळी लावला असता, म्हणाला, काही वेळा लावून काही वेळा कशाला सोडला असता? बाईंनाही ते पटलं. शिवाय बिघडलेले दिवस आणि चांगले दिवस एकाआड एक यावेत तसे येत होते. जशी रक्त देणाऱ्यांची पाळी.

जाता जाता त्याने मनातली सल बोलून दाखवली. शेवटी शेवटी धाकटीने आणि मैत्रिणीने त्याला तोडलंच होतं. सकाळी आल्या आल्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लावायच्या. सगळे चहाला बसायचे तेव्हा मैत्रीण म्हणायची, तासाभराने घेईन. आधी हीच सगळ्यांत पहिली कप उचलायची. त्याने चिडवलं तरी हसायची नाही. चष्म्यावरूनही त्याने तिला आजीबाई म्हटलं होतं, तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या.

"चष्मा तिला आधीपासून होता ना?" बाईंनी विचारलं.

"छे. वर्षानुवर्षं लेन्स लावायची. अचानक एक दिवस चष्मा लावून आली. लेन्स खराब होतात म्हणाली."

बाई दारातच थांबल्या. रिकाम्या पोटी घ्यायचं काहीतरी. डाग पडून खराब होणाऱ्या लेन्स. आणि आपल्याच घरी भिजत घातलेला तो रुमाल.

"आहे कुठे ती?"

"रजेवर आहे. मध्ये एकदा येऊन गेली," कप्तान म्हणाला. "आता पुन्हा लेन्स लावते."

बाईंनी पर्स उचलली आणि त्या जवळजवळ धावतच बाहेर पडल्या. कप्तानाला त्यात घाई करण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

५

मैत्रीण भावाकडे राहायची. भावजय बाळाला घेऊन बाहेर गेली होती. दार तिनेच उघडलं. चष्मा नव्हता. डोळे खोल गेले होते आणि चेहरा उतरला होता.

बाईंनी आत येऊन दार लावून घेतलं.

"टीबीच्या गोळ्या कधीपासून बंद केल्यास?"

ती उभी होती तिथेच खाली बसली.

बाई तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या आणि शांतपणे सांगत गेल्या. टीबीच्या गोळ्यांतल्या एकीने अंगातलं सगळं पाणी नारिंगी होतं, घाम, लघवी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा. लेन्सला डाग पडतात. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात. आणि ते औषध पांढऱ्या पेशींच्या आत शिरतं, त्यांचं सरपटणं मंदावतं, म्हणून रक्तातून पेशी वेगळ्या काढल्या, धुतल्या तरी त्या सुस्तच राहतात. थोडं औषधाने, थोडं आजारानेही झालं असेल, ते सांगता येत नाही. त्याने घाबरण्यासारखं काही नसतं. तेच औषध माणसाला वाचवतं. मध्येच सोडलं तर मात्र आजार उलटतो. लेन्स परत आल्या हे ऐकून त्या म्हणूनच धावत आल्या होत्या.

मैत्रीण गुडघ्यांत डोकं घालून बसली. मग बोलू लागली.

मानेत गाठ आली होती. तपासणीत टीबी निघाला, गाठीचा, दुसऱ्याला लागणारा नव्हे. पण तिची आई टीबीनेच गेली होती. ती लहान होती तेव्हा. नातेवाइकांनी आईचं ताट वेगळं केलं होतं, अंथरूण वेगळं केलं होतं, आणि शेवटी मुलांनाही तिच्यापासून वेगळं ठेवलं होतं. आता भावाच्या घरात तान्हं बाळ. आपलंही ताट वेगळं होईल, या भीतीने तिने कुणालाच सांगितलं नाही. रक्त देताना सरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का, तर नाही म्हणाली. एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं ते तिला सुचेना.

एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने तिला गोळ्या घेताना पाहिलं. सुस्तावलेल्या पेशींचं कोडं तिला त्याच क्षणी सुटलं.

"रागावली नाही माझ्यावर. हसली उलट. म्हणाली, बरं झालं, माझा प्रयोग बरोबर आहे. म्हणाली, तुझा कोर्स संपू दे, मग तुझंच रक्त घेऊन परत करून दाखवते, तुझ्या पेशी पळाल्या की सगळे गप्प. तोवर कुणाला काही सांगायचं नाही." तिने तोंड पुसलं. "मला मळमळायचं, मी टाळायचे. म्हणून रोज सकाळी समोर उभी राहून गोळ्या घ्यायला लावायची."

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मैत्रीण तिथेच उभी होती. धाकटीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बाईंना आता शेवटचा प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"त्या दिवशी ती कुठे निघाली होती?"

"इथेच," मैत्रीण म्हणाली. "माझ्याकडे."

६

सिस्टरांना सांगायचं की नाही, ते बाईंनी मैत्रिणीवर सोडलं. आजार तिचा, गुपित तिचं. रुमालावरून कळलं म्हणून ते चव्हाट्यावर मांडायचा हक्क आपल्याला मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. मैत्रीण उठली, तिने तोंड धुतलं, आणि तशीच त्यांच्याबरोबर निघाली.

सिस्टर निवडलेली भाजी बाजूला सारून त्यांच्यासमोर बसल्या. मैत्रिणीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटच्या दिवसापाशी आल्यावर ती ओढणीचं टोक पिळू लागली.

धाकटीला काढल्यानंतर हिला खाणं जाईना. सकाळी गोळ्या उलटून पडल्या होत्या. संध्याकाळी तिने धाकटीला फोन करून सांगितलं की मी गोळ्या सोडते आणि उद्या सरांना जाऊन सगळं सांगते, माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं. धाकटी म्हणाली, काहीतरी करू नकोस, थांब, मी येते. ती येईपर्यंत हिला धीर धरवेना. म्हणून परत फोन लावला.

"तिने उचलला. रस्त्यात होती. मला गाड्यांचा आवाज येत होता." मैत्रीण सिस्टरांकडे बघू शकत नव्हती. "मी फोन केला म्हणून ती थांबली, काकू. फोनचा चुरा झाला, म्हणून कुणाला कळलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही."

बाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

"काय म्हणाली ती?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणाली, आले गं."

"असं नको. ती जशी म्हणाली, तसं म्हण."

मैत्रिणीने डोळे मिटले. "आले गं बाई, रस्त्यातच आहे, दार उघडून ठेव." शेवटचे शब्द तिने थोडे लाडाने, थोडे वैतागून म्हटले. धाकटीचाच सूर होता तो. घरात यायच्या आधी जिन्यातून ऐकू यायचा तसा.

सिस्टरांनी पदर तोंडावर घेतला. मुलगी गेल्यापासून भेटायला येणाऱ्यांसमोर त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या, पुष्कळ वेळ. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मैत्रीण उठून जायला निघाली, तर सिस्टरांनी न बघताच तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

रडणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "ती गेल्यापासून गोळ्या घेतल्यास?"

मैत्रिणीने आधी अधूनमधून, मग बंदच, असं सांगितलं.

"उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. खाडा झालाय ते सांगावं लागेल. ते जे लिहून देतील ते रोज इथे येऊन घ्यायचं. माझ्यासमोर."

"काकू, मी—"

"उपाशीपोटी ये," सिस्टर म्हणाल्या.

७

मैत्रिणीने सरांना आणि सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. बाई सोबत होत्या, पण त्यांना बोलावं लागलं नाही. सर मध्येच उठून बाहेर गेले आणि बराच वेळ व्हरांड्यात उभे राहिले. नंतर ते सिस्टरांच्या घरी गेले. काय बोलले ते सिस्टरांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या की त्यांना बोलता येत नव्हतं, तर मीच चहा केला.

भावाच्या घरीही कळलं. तिथे काही ताट वेगळं झालं नाही. भावजय उलट चिडली, एवढे दिवस एकटीने सोसलंस म्हणून दोन दिवस बोलत नव्हती.

डॉक्टरांनी कोर्स पहिल्यापासून सुरू केला. तो संपल्यावर धाकटीचा प्रयोग तिच्याच पद्धतीने परत झाला. तो कप्तानाने केला आणि शोधनिबंधावर पहिलं नाव धाकटीचं घातलं. नळीत मैत्रिणीचं रक्त होतं. सिस्टरांना बघायला बोलावलं होतं, पण त्या आल्या नाहीत. पेशी पळाल्या एवढं बाईंनी त्यांना फोनवर सांगितलं.

त्याआधीच्या महिन्यांत कधीतरी बाई सकाळी त्यांच्याकडे गेल्या होत्या. मैत्रीण नुकतीच गोळ्या घेऊन कामावर गेली होती, तिचा पेला ओट्यावर तसाच होता. बाईंनी चाचरत विचारलं, रोज तिला असं समोर बघून तुम्हाला त्रास होत नाही का?

सिस्टर पेला विसळत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "राग येतो ना, बाई. रोज येतो. तिने दार वाजवलं की येतो, ती पाणी पिते तेवढा वेळही असतो. मग ती गोळी गिळते, आणि माझ्या तोंडून निघून जातं, मळमळतंय का गं."

त्यांनी पेला पुसला आणि उद्यासाठी खिडकीत पालथा घालून ठेवला.